दाजींची ग्रहावरून हकालपट्टी

आमच्या मालिकेतलं यान एसटीसारखं आहे. लेखकांच्या पहिल्याच बैठकीत मी हे बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. पुण्यातल्या त्या गार खोलीत सगळे माझ्यापेक्षा शिकलेले, फिरलेले, आणि मी तिथं जेमतेम आठवड्यापूर्वी रुजू झालेली. पण दिग्दर्शक म्हणाले, "म्हणजे कसं, सांग."

मी सांगितलं. पृथ्वी सोडून माणसं निघाली त्याला कैक पिढ्या झाल्या, एका तांबड्या सूर्याभोवतीच्या ग्रहांवर त्यांच्या वस्त्या झाल्या आणि एकच जुनं यान सगळ्या वस्त्यांना फेरी घालतं, हे तर आधीच ठरलं होतं. यानातून बियाणं जातं, औषधं जातात, निरोप जातात. मालिकेच्या प्रत्येक भागात एक थांबा. पण ज्यानं कोणी संहिता लिहिली होती, त्यानं यान उतरताना ग्रहावरचे लोक आकाशाकडे बघत भारावून उभे राहतात असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "सर, आमच्या गावात मेढ्याहून एसटी येते. एसटीकडं कोणी बघत नाही. कोण उतरतंय ते बघतात. आणि कोण उतरलं नाही, तेही."

मग कोणीतरी ते लिहून घेतलं. त्या दिवसापासून मालिकेतल्या विश्वाचे नियम सांभाळण्याचं काम माझ्याकडे आलं. कुठल्या ग्रहावर वजन कमी भरतं, कुठला दिवस लांब, कुठल्या वस्तीत आग पेटवायला बंदी, हे सगळं मी ध्यानात ठेवायचं आणि कोणी चुकलं की टोकायचं. एका बड्या नटानं दोन चंद्रांच्या ग्रहावर "आज चंद्र किती सुंदर दिसतोय" असं म्हटलं, तर "कुठला?" असं विचारण्याची हिंमत माझ्यात याच नोकरीनं आणली.

गावी सुट्टीला गेले तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "तू नेमकं करतीस काय?"

"नियम सांभाळते, अण्णा."

"कशाचं?"

"नसलेल्या ग्रहांचे."

अण्णा फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "नियम हायत न्हवं? मग नोकरी चांगली हाय."

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. त्यामागे किती जणांचे हात आहेत हे मला माहीत आहे, म्हणून सांगते. शेजाऱ्यांकडे डिश होती. त्यांच्या ओसरीवर बसून परदेशी अंतराळमालिकेचे हिंदीत केलेले भाग मी बघायची. त्यातलं निम्मं कळायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी मेढ्याच्या शाळेत विज्ञानाच्या सरांना गाठायचं. "सर, तिकडं रात्रच होत नाही, असं कसं?" सर कधी "अभ्यासक्रमात नाही" म्हणाले नाहीत. एकदा त्यांनी वर्गाची दारं-खिडक्या लावून घेतल्या, एका मुलीच्या हातात बॅटरी दिली, माझ्या हातात मोसंबं दिलं, आणि सूर्याकडे कायम एकच तोंड करून फिरणारा ग्रह दाखवला. मग साताऱ्याचं कॉलेज, वसतिगृह, फिजिक्स. आजही एखाद्या ग्रहाचा दिवस ठरवायचा झाला की मी आधी फळ शोधते.

तर, दुसऱ्या हंगामात मला माझा स्वतःचा एक ग्रह मिळाला. म्हणजे त्या ग्रहाचा भाग मी लिहायचा. मी हरखून गेले. वाऱ्याचा ग्रह केला. तिथं उंच काही उगवत नाही, दिवसभर बारीक धूळ उडते, आणि प्रत्येक माणूस डोक्याला आणि तोंडाला राखाडी कापड गुंडाळून असतो. कापड नसेल तर छातीत धूळ बसून माणूस टिकत नाही. पाणी थोडं, म्हणून वाटप सारखं. आणि वाटपात वशिला नको, म्हणून त्या ग्रहावर नातंच ठेवलेलं नाही. कोणी कोणाचा बाप नाही, कोणी कोणाची आत्या नाही. मुलं सगळ्यांनी मिळून वाढवायची. कोणी स्वतःच्या माणसासाठी पाणी लपवलं, तर शिक्षा एकच. वस्तीचा म्हातारा सगळ्यांसमोर त्याच्या डोक्यावरचं कापड काढून घेणार, बाकीचे सगळे एकाच वेळी त्याच्याकडे पाठ फिरवणार, आणि तो उघड्या डोक्यानं वाळवंटात निघून जाणार.

लिहून झाल्यावर मला स्वतःलाच शहारा आला होता. सगळ्यांना आवडलं. फक्त एवढी माणसं आणि एवढी मोकळी जागा आणायची कुठून, यावर अडलं. स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर करू म्हणाले, तर मी न राहवून बोलले, "सर, आमच्याकडं सडा आहे."

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं काळ्या कातळाचं पठार. आमच्या गावाच्या वर आहे. पावसाळ्यात फुलं, एरवी नुसता कातळ आणि वारा. उन्हाळ्यात तिथं उभं राहिलं तर मेढ्याजवळ आहोत यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. माणसं तर गावात होतीच. दिग्दर्शक येऊन बघून गेले आणि म्हणाले, "हा तर तुझा ग्रह आयता इथं पडलाय!"

चित्रीकरणाला एक दिवस मिळाला. जत्रेचा आदला दिवस. जत्रेला मुंबई-पुण्याची माणसं गावी आलेली असतात, म्हणून गर्दी भरपूर. जत्रेच्या दिवशी कोणी हलणार नाही, आणि त्यानंतर आमचं पथक दुसऱ्या ठिकाणी जाणार. त्यामुळे दिवस मावळायच्या आत तो प्रसंग मिळाला तर ग्रह राहणार, नाही तर मालिकेतून जाणार. दिग्दर्शकांनी हे मला सकाळीच स्पष्ट सांगितलं. "अगं, राग मानू नकोस. जमलं नाही तर ही शिक्षा मागच्या ग्रहावर ढकलतो आणि पुढं जातो."

"जमेल, सर," मी म्हटलं. मला खात्रीच होती.

आणि सकाळी जमलंही. वस्तीचा म्हातारा म्हणून अण्णांना उभं केलं होतं. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा, आणि फौजेतला आवाज. अख्ख्या गावाला त्यांनी ओळीत उभं केलं. "मी हात खाली घेतला की समदी एकदम फिरायची! गण्यागबाळ्यावानी एकेक करून न्हाई!" शिक्षा झालेल्या माणसाच्या जागी सहायक दिग्दर्शकाला उभं केलं. अण्णांनी त्याच्या डोक्यावरचं कापड एका झटक्यात ओढलं. आमच्या चुलत्यापासून सरपंचांच्या सुनेपर्यंत सगळ्यांनी खाडकन पाठ फिरवली. तो बिचारा सहायक खरोखरच कावराबावरा झाला. दिग्दर्शकांनी टाळ्या वाजवल्या.

मग खरा नट आला. म्हणजे आणला. पुण्याहून तो निघाला होता, पण वाईच्या पुढे वळणावळणाचा रस्ता लागला तशी त्याला गाडी लागली. गाडीतून उतरला तो सरळ करवंदीच्या जाळीपाशी बसला. आईनं लिंबू-मीठ दिलं, आल्याचा तुकडा दिला. तो हात जोडून एवढंच म्हणाला, "मला आडवं पडू द्या."

कॅमेरामननं तोड काढली. त्याच्या चेहऱ्याची जवळची दृश्यं नंतर कधीही, कुठंही आकाशासमोर घेता येतील. आता गर्दीबरोबरचा लांबचा प्रसंग घ्यायचा, तोही पाठीमागून. त्याला फक्त तेवढ्या उंचीचा माणूस हवा. चेहरा कापडात, डोळ्यांवर धुळीसाठीचा चष्मा, कोण ओळखतंय?

तेवढ्या उंचीचा माणूस आमच्या गावात नाही. आम्ही डोंगरातली माणसं, बुटकी आणि चिवट. पण जत्रेला आलेला एक होता. माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. जत तालुक्यातले, डाळिंबाची बाग, सहा फुटांच्या वर, आणि मस्करीशिवाय एक वाक्य न बोलणारे.

"दाजी, तुम्हाला ग्रहावरून हाकलायचंय. चालेल का?" मी विचारलं.

"चाललं की! सासुरवाडीतनं आजपर्यंत कुणी हाकललं न्हाई, तेबी एकदा बघू की हो!"

मी आनंदानं त्यांना कपडे चढवायला नेलं. आपण काय करतोय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या वेळेला दाजी ठरल्याप्रमाणे गर्दीतून चालत आले आणि अण्णांसमोर उभे राहिले. समोर सासरे दिसले तसे, सवयीनं, वाकून पाया पडले. अण्णांनी पटकन त्यांच्या खांद्यांना धरलं. "आवं, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या पाव्हणं!"

"कट!" दिग्दर्शक ओरडले. "शिक्षा झालेला माणूस आशीर्वाद का घेतोय?"

दुसऱ्या वेळेला दाजी वाकले नाहीत. अण्णांचे दोन्ही हात वर गेले. कापडाला लागले. आणि तिथंच थांबले. मग त्यांनी कापडाचं सुटलेलं टोक नीट आत खोचलं आणि हात खाली घेतले. हात खाली आला ही खूण होती, पण फिरलं कोणीच नाही. बायकांनी तेवढे पदर सावरले. चुलते अर्धे फिरले, म्हणजे एका अंगावर तिरके होऊन उभे राहिले, बसमध्ये उभं राहावं तसे.

तिसऱ्या वेळेला आई ओळ सोडून पुढं आली आणि तिनं दाजींच्या हातात कागदाची पुडी दिली. लाडू होते.

"मामी, मला वाळवंटात मराय लावलंय," दाजी कापडाच्या आतून म्हणाले.

"मग उपाशी जाणार व्हय?" आई म्हणाली.

आजूबाजूला हसू फुटलं. पण दिग्दर्शक हसले नाहीत. ऊन तिरपं व्हायला लागलं होतं. ते माझ्याकडे न बघता सहायकाला म्हणाले, "आणखी एकदा बघू. नाही तर आवरायला घ्या. हा ग्रह काढून टाकू."

मी अण्णांकडे धावले.

"अण्णा, सकाळी किती छान केलंत! त्या माणसाचं कापड कसं ओढलंत!"

"त्यो कोण हुता? परका हुता."

"हेही खोटंच आहे ना अण्णा. नाटक आहे."

"नाटक खोटं हाय, मला म्हाईत हाय. पण पाव्हण्याचं डोस्कं खरं हाय न्हवं?" अण्णा म्हणाले. "लग्नात ह्या हातानं मी त्यास्नी टोपी घातलीया. त्याच हातानं समद्या गावाच्या म्होरं उघडं करू? डोस्कं?"

चुलते मध्ये आले. "आन् आमी पाठ फिरवायची? गावच्या जावयाला? अगं, त्यो काय एकट्या तुज्या बापाचा जावई हाय?"

"मामा, काढा की हो!" दाजी लांबून ओरडले. "मला काय न्हाई! आमच्या जतकडं कोण बघतंय टीव्ही!"

"तुमास्नी काय न्हाई, मला हाय!" ताई ओळीतून कडाडली. "सासूबाई रोज बघत्यात टीव्ही!"

मी पुण्याच्या खोलीत बसून एक ग्रह केला होता, जिथं कोणी कोणाचं नाही. आणि त्या ग्रहावर राहायला मी ही माणसं आणली होती, ज्यांना पाहुणा हा शब्द उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. माणूस बदलायचीही सोय नव्हती, कारण तेवढा उंच माणूस दुसरा नव्हता. "तो जावई नाही असं समजा" हे मी दोनदा सांगून पाहिलं. अशा वेळी आमच्या गावातले लोक ज्या दयेनं बघतात, तसं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पोरगी शिकली, पण.

मला रडू यायला लागलं होतं. शेवटी मी अण्णांना वेगळंच विचारलं. "बरं, धरा, जावयानंच चोरी केली. सगळ्यांचं पाणी लपवलं. आता त्याला ठेवून घेता येत नाही. मग तुम्ही काय कराल?"

अण्णांनी चुलत्यांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांनी खराच मानला. फौजेतल्या माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो.

"ठेवून घेता येत न्हाई म्हंजी घालवायचाच," ते सावकाश म्हणाले. "पण हितनं न्हाई घालवायचा. वेशीपातूर पोचवायचा. समद्यांनी जायाचं."

"आन् तितं ऱ्हायाचं हुबं," आई म्हणाली. "दिसंनासा हुईपातूर मागं फिरायचं न्हाई. मग त्यो कसाबी आसू दे."

"बोलायचं काय?" मी विचारलं.

"काय बोलायचं आसतंय तवा?" आई म्हणाली.

मी दिग्दर्शकांकडे पळत गेले. कातळावर चप्पल सटकून एकदा पडलेही. "सर, नियम चुकला होता."

"कुठला नियम?"

"पाठ फिरवायचा. कापड काढायचा. त्या ग्रहावर असं होणारच नाही."

ते वैतागून हसले. "तू? दुसऱ्या चंद्राचा उल्लेख राहिला म्हणून माझं अख्खं दृश्य परत घ्यायला लावणारी तू, आता नियम बदलतेस?"

"सर, आपण लिहिलं की कोणी कोणाचा बाप नाही, कोणी कोणाचा भाऊ नाही. मुलं सगळ्यांनी वाढवली. म्हणजे तो चोर कोणी वाढवला? सगळ्यांनीच. मग तिथं उभा असलेला प्रत्येक जण त्याचा सासरा आहे, सर. ते त्याला बोडकं करून पाठवणार नाहीत. ते त्याला हद्दीपर्यंत सोडायला जातील आणि दिसेनासा होईपर्यंत तिथं उभे राहतील. बोलणार कोणी नाही."

त्यांनी सूर्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आमच्या गावाकडे पाहिलं. "एकदाच," म्हणाले. "सराव नाही. सरळ घेतो."

अण्णांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी ओळ मोडली. दाजी पुढं, त्यांच्या एक पाऊल मागं अण्णा, मग आई, मग चुलते, मग सगळा गाव. वारा जोरात होता. राखाडी कापडांची टोकं सगळी एका बाजूला उडत होती. मला इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी त्या सगळ्यांना जन्मापासून ओळखते, कोणाचा गुडघा दुखतो आणि कोणाची म्हैस आटली आहे हेही मला माहीत, पण कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघताना मला त्यातलं कोणी ओळखू येईना. कुठल्यातरी दूरच्या ग्रहावरची माणसं एका माणसाला पोचवायला निघाली होती, एवढंच दिसत होतं.

सड्यावर एक दगडी बांध आहे, आमच्या गावाची शीव. तिथं सगळे थांबले. दाजी बांध ओलांडून पुढं चालत राहिले. सूर्य समोर होता. दाजी लहान लहान होत गेले.

"कट," दिग्दर्शक हळूच म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "कट! झालं! मस्त!"

कोणी हललं नाही.

दाजींच्या कानांवर कापडाचे चार वेढे होते आणि वारा त्यांच्याकडून आमच्याकडे वाहत होता. त्यांना काही ऐकू गेलं नाही. ते इमानेइतबारे चालत राहिले. सहायक ओरडत सुटला, हात हलवले, शिट्टी मारली. ओळीतल्या माणसांना मात्र ऐकू गेलं होतं. चुलत्यांनी मान जराशी वळवून सहायकाला म्हटलं, "आवं, गप बसा की. दिसत्यात आजून."

कॅमेरामननं दिग्दर्शकांकडे पाहिलं. दिग्दर्शकांनी हातानंच खुणावलं, चालू ठेव. आम्ही सगळे उभे राहिलो. आई पदराचं टोक तोंडाशी धरून उभी होती. मघाशी ओळीतून कडाडणारी ताई डोळ्यांवर हात धरून बघत होती. पलीकडे सडा उतरायला लागतो, तिथं दाजी आधी गुडघ्यापर्यंत गेले, मग कमरेपर्यंत, मग फक्त डोकं राहिलं, कापडासकट. मग तेही गेलं.

"चला आता," अण्णा म्हणाले, आणि गाव मागं फिरला.

दाजी खालच्या डांबरी रस्त्यावर जाऊन पोचले होते. तिथून त्यांना एका टेम्पोवाल्यानं तशाच अवतारात गावात आणून सोडलं. टेम्पोवाल्यानं वाटेत त्यांना काही विचारलं नाही. जत्रेचे दिवस म्हणून कशाचं तरी सोंग असेल असं त्याला वाटलं असावं. लाडू त्यांनी रस्त्यातच संपवले होते.

सड्यावर सामान आवरणं चालू होतं. नटाला आता बरं वाटत होतं आणि तो करवंदं खात होता. दिग्दर्शकांनी तो तुकडा छोट्या पडद्यावर पुन्हा लावला. एकदा पाहिला, परत लावला. मी शेजारी उभी होते. ग्रह राहिला का, हे विचारायचं मला धाडस होत नव्हतं.

"या ग्रहावर यान पुन्हा थांबवावं लागेल," शेवटी ते म्हणाले. "एका भागात संपायचा नाही हा." मग माझ्याकडे वळून विचारलं, "इथले आणखी काय काय नियम आहेत?"

खाली गावातून जत्रेच्या आदल्या संध्याकाळचा ढोल ऐकू यायला लागला होता. अण्णा पुढे चाललेल्या माणसांना ओरडून सांगत होते, कापडं धुवून परत द्यायची, कुणी घरी ठेवायची न्हाईत.

"विचारून सांगते, सर," मी म्हटलं, आणि उतारानं त्यांच्या मागं पळाले.